हॅलोपासून ‘ठेवतो’पर्यंत



साहित्य मंडळाच्या वार्षिक व्याख्यानाला टेलिफोन हा विषय जरा हलका वाटेल, याची मला कल्पना आहे. या मालेत संतवाङ्मयावर, नाटकावर, माळव्यातल्या मराठी सरदारांच्या इतिहासावर बोलायची रीत आहे. तरी हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे. धार आणि देवास इथल्या जुन्या मराठी घरांत आज मराठी कुठं कुठं बोलली जाते, ते पाहा. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, दुकानात हिंदी, कचेरीत हिंदी, शेजारी माळवी. मराठी उरली ती देवघरात, स्वयंपाकघरात आणि फोनवर. मुलं पुण्याला, बंगळूरला, थेट अमेरिकेला गेली की देवघर आणि स्वयंपाकघर दोन म्हाताऱ्या माणसांपुरतं राहतं. मग आठवड्यातून एक-दोनदा होणारा फोन हाच घरातला मराठीचा मोठा व्यवहार होऊन बसतो. तो कसा करावा, कसा घ्यावा आणि कसा संपवावा, याचा विचार इथं नाही करायचा तर कुठं करायचा?

आपण मुळात पत्र लिहिणारी माणसं. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग आपली घराणी इकडे आली, त्यांत शिलेदार होते तसे मोडी लिहिणारे कारकूनही होते. पत्र कसं लिहावं याची शिस्त त्यांच्या हाडात होती. हेमाडपंतांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकापासून चालत आलेली ती विद्या. आईवडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, व्यवहारातल्या माणसाला राजमान्य राजश्री. मग ‘विनंती विशेष’ म्हणून कामाचा मजकूर. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. आज आपल्याला हे सारं अवडंबर वाटतं. पण नीट पाहिलं तर त्या मायन्यात चार कामं बिनबोभाट उरकत असत: मी कोण, तुम्ही माझे कोण, माझं काम काय, आणि माझं बोलणं कुठं संपलं. या चार गोष्टी लक्षात ठेवा. फोनच्या सगळ्या कटकटी यांतली एखादी गोष्ट गाळल्यामुळे होतात, असं माझं म्हणणं आहे.

टेलिफोन आला तो मायन्याशिवाय आला. १० मार्च १८७६ रोजी ग्रॅहॅम बेलनं बोस्टनमध्ये पहिलं वाक्य उच्चारलं ते दुसऱ्या खोलीतल्या आपल्या मदतनिसाला बोलावण्यासाठी. त्यात नमस्कार नव्हता, चमत्कार नव्हता. पुढे सुरुवातीला काय म्हणावं असा प्रश्न पडला, तेव्हा बेलचा आग्रह खलाशांच्या ‘अहॉय’ या हाकेचा होता आणि एडिसनचा ‘हॅलो’चा. एडिसन जिंकला. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं टेलिफोनची केंद्रं उघडली आणि तो ‘हॅलो’ आपल्याकडेही आला. गंमत अशी की त्या शब्दात आपल्या चार गोष्टींपैकी एकही नाही. ती नुसती हाळी आहे, ‘कोण आहे तिकडे?’ एवढाच तिचा अर्थ. २ ऑक्टोबर २०२२ पासून महाराष्ट्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. आपल्याकडे कोणी ‘राम राम’ म्हणतात, कोणी ‘नमस्कार’. शब्द कोणताही घ्या, त्याच्या पाठीला लागून बोलणाऱ्याचं नाव आलं पाहिजे. ते आलं नाही तर शब्द बदलून काही साधत नाही.

जुना काळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. गल्लीत एखाद्या घरी काळा, जड फोन. बाकी सगळ्यांच्या लग्नपत्रिकेवर त्याच घराचा नंबर, पुढे कंसात ‘पी. पी.’. पुण्याहून ट्रंक कॉल आला की शेजारचा मुलगा धावत यायचा, आणि ज्याला बोलावणं असे तो हातातलं काम टाकून पळत सुटायचा. कॉल आधी नोंदवायचा. त्यातही साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार. तीन मिनिटं झाली की मध्येच ऑपरेटरचा आवाज यायचा. अशा वेळी माणूस आधी आपलं नाव सांगे, मग मुद्दा सांगे, आणि शेजाऱ्यांच्या बैठकीत उभं राहून बोलायचं असल्यामुळे शब्दही जपून वापरी. बोलून झाल्यावर त्या घरच्या वहिनींना ‘त्रास दिला हं’ असं म्हटल्याशिवाय पायरी उतरत नसे.

पुढे गोष्टी भराभर सोप्या होत गेल्या. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावण्याची सोय देशात प्रथम झाली. १९८०चं दशक सरता सरता चौकाचौकांत एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या. काचेच्या खोलीत उभं राहून बोलताना एक डोळा सतत लाल आकड्यांवर असायचा. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. तेव्हा फोन करणाऱ्याला पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही. २००३ साली येणारा फोन फुकट झाला, आणि आता तर महिन्याचे पैसे एकदा भरले की कितीही बोला.

या सोयीबद्दल कोणाची तक्रार नाही. पण एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. पूर्वी आपण फोनवर नीट बोलत होतो ते सगळं आपल्या सुसंस्कृतपणामुळे नव्हतं. यंत्र महाग होतं, वेळ मोजलेला होता, शेजारी ऐकत होते. शिस्त बाहेरून लादलेली होती. पैशाचा, मिनिटांचा आणि शेजाऱ्यांचा धाक गेला, तशी ती शिस्तही गेली. आता तिच्या जागी जे काही आणायचं ते आपल्या आपण, समजून उमजून आणावं लागेल. म्हणून ‘पूर्वीचे लोक किती चांगले’ हा राग मी आळवणार नाही.

आता घरातल्या बारीकसारीक जाचांकडे येऊ. पहिला मान ‘ओळखा पाहू कोण?’ या मंडळींचा. वर्षांनंतर फोन करायचा आणि सत्तरीच्या आत्याला आवाजाची परीक्षा द्यायला लावायची. आत्याला कमी ऐकू येतं, नंबर साठवलेला नसतो, आणि ओळखलं नाही तर वाईट दिसेल म्हणून ती बिचारी दहा मिनिटं अंदाजानं बोलत राहते. फोन ठेवल्यावर विचारते, ‘कोण होतं गं?’ यावर उपाय एका वाक्याचा आहे. ‘आत्या, मी देवासहून अमक्यांची धाकटी सून बोलतेय.’ गाव, घर, नातं. मायन्यातली पहिली दोन्ही कामं झाली.

दुसरा जाच वेळेचा. माळव्यातल्या उन्हाळ्याची दुपार, रविवारचे दाल-बाफले झालेले, घर पंख्याखाली आडवं झालेलं, आणि अडीच वाजता फोन: ‘काही नाही, सहजच केला.’ सहज केलेला फोन ही फार गोड गोष्ट आहे, पण ज्याची झोप मोडली त्याला विचारा. फोन म्हणजे दारावरची थाप. दार वाजवून आपण एकदम माजघरात शिरत नाही. उंबऱ्यावर थांबतो, ‘आहात का?’ म्हणतो. फोनवरचा उंबरठा म्हणजे एकच प्रश्न: ‘आत्ता बोलायला सवड आहे का?’ आणि तो विचारल्यावर उत्तराची वाट पाहायची. पुष्कळ जण हा प्रश्न विचारतात आणि त्याच दमात मजकूर सुरू करतात.

तिसरा जाच स्पीकरचा. आपण मन मोकळं करतो आणि पाच मिनिटांनी पलीकडून जावईबापूंचा खोकला ऐकू येतो. स्पीकर लावला असेल तर ‘इथं सगळे बसलेत बरं का’ एवढं सांगून टाकावं. चौथा जाच समोर बसलेल्या माणसाचा. पाहुणे पोह्यांची बशी हातात घेऊन बसलेत आणि यजमान फोनवर. प्रत्यक्ष आलेल्या माणसापेक्षा फोनवरचा माणूस वरचढ का व्हावा, हे कोडं मला सुटलेलं नाही. मैफलीतही तेच. कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ रोजी गेले, मोबाइल त्यानंतर साडेतीन वर्षांनी आला. कुमारजींच्या देवासात आता तंबोरे जुळत असताना एखाद्याच्या खिशातून सिनेमाचं गाणं सुरू होतं, तेव्हा हे सालांचं अंतर मला फार बोलकं वाटतं.

आणि पाचवा, ज्यावरून नात्यांत खरोखर अढी पडते, तो म्हणजे न उचललेला फोन. एकदा नाही उचलला की लगेच दुसरा, तिसरा, सातवा. मग निरोप: ‘मोठा माणूस झालास!’ इथं थोडं थांबून विचार करू या. घरातल्या भिंतीवर फोन होता, तेव्हा तो वाजून बंद झाला तर आपण काय म्हणत होतो? ‘घरी नसतील.’ रागाचं नाव नव्हतं. आता फोन खिशात आहे, म्हणून माणूस चोवीस तास आपल्यासाठी हजर आहे असं आपण धरून चालतो. पीथमपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला भाचा सकाळी अकरा वाजता गाढ झोपलेला असतो. कोणी गाडी चालवत असतो, कोणी दवाखान्यात रांगेत असतो, कोणाला त्या क्षणी नुसतं गप्प बसायचं असतं. दोनदा वाजवावं, न उचलल्यास काम काय ते एका ओळीत लिहून ठेवावं. मात्र ज्यानं फोन उचलला नाही त्याच्यावरही एक देणं राहतं: त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आपणहून फोन करायचा. न उचलण्याचा हक्क आणि परत फोन करण्याचं कर्तव्य ही जोडी आहे. हक्क तेवढा घेतला आणि कर्तव्य सोडलं, तर म्हाताऱ्या आईचा जीव टांगणीला लागतो.

कामाच्या ठिकाणी हेच प्रश्न जरा निबर रूपात येतात. बँकेच्या खिडकीशी तुम्ही अर्धा तास उभे आहात, तुमची पाळी आली, आणि टेबलावरचा फोन वाजला. घरबसल्या फोन करणाऱ्याचं काम आधी होतं, रांगेतला माणूस मागे राहतो. ‘दोन मिनिटांत करतो’ असं सांगून कधीच न येणारा फोन हा दुसरा प्रकार. तिसरा, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जोडून देणं: प्रत्येकाला आपली कहाणी पहिल्यापासून सांगायची. फोन पुढे देताना ‘यांचं अमुक काम आहे’ हे आधी पुढच्याच्या कानावर घालायला वीस सेकंद लागतात. ही वीस सेकंदं जो घालवतो, त्याच्या कचेरीबद्दल लोक गावभर चांगलं बोलतात.

आणि रात्री दहा वाजता येणारा साहेबांचा फोन. इथं हाताखालच्या माणसाला ‘आत्ता सवड नाही’ म्हणण्याची सोय नसते, म्हणून हे देण्याघेण्याचं नातं सरळ राहत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आला. ऑस्ट्रेलियात तो ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच आशयाचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? सभागृहात बसलेल्या तुमच्यापैकी बरेच जण कोणाचे ना कोणाचे साहेब आहेत. ‘सकाळी चालेल’ असं काम सकाळीच सांगावं, एवढं ठरवायला संसदेची गरज नाही.

आता भाषेकडे वळतो, कारण मूळ काळजी तिची आहे. आपल्या घरांत फोन उचलला की तोंडातून निघतं, ‘हाँ जी, कौन?’ पलीकडून मराठी ऐकू आली की आपण मराठीवर येतो. पलीकडचाही तसाच मराठी असेल आणि तोही हिंदीतच सुरुवात करत असेल, तर दोन मराठी माणसं शेवटपर्यंत हिंदीत बोलून फोन ठेवतात. हे धार-देवासात रोज घडतं. ज्या हिंदी-माळवीच्या अंगणात आपण तीनशे वर्षं सुखानं राहिलो, तिचा दुस्वास करण्याचं कारण नाही. पण पहिला शब्द ‘नमस्कार’ आणि मागोमाग आपलं नाव, एवढं आपण पाळू शकतो. नमस्कार दोन्ही भाषांत चालतो, आणि नावावरून पलीकडच्याला मराठीची वाट दिसते.

दूर गेलेल्या मुलांशी आपण काय बोलतो, तेही एकदा ऐकून पाहा. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘बरा आहेस ना?’ ‘हो.’ ‘बरं, आजीशी बोल.’ ‘आजी, कशी आहेस?’ ‘बरी आहे रे.’ या पाच-सहा वाक्यांत माया ओतप्रोत आहे, पण भाषा मूठभर आहे. नातवाच्या वाट्याला एवढीच मराठी आली, तर पुढे त्याच्याजवळ काय उरणार? ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे सचिव म्हणून राहिले. त्यांचं देवासवरचं पुस्तक १९५३ साली निघालं, ते मुख्यतः त्यांनी इथून घरी पाठवलेल्या पत्रांतून उभं राहिलं. गोकुळाष्टमीचा उत्सव, दरबारचे घोळ, घरातले विंचू-साप, सगळं त्यांनी दूरच्या माणसांना खुलवून सांगितलं. आपल्या हातात रोज फोन आहे आणि आपण ‘जेवलास का’च्या पुढे जात नाही. पत्राचा मजकूर फोनवर आणा. यंदा आंब्याला मोहोर कसा आला, महालक्ष्म्यांना कोण कोण आलं, गल्लीतलं जुनं घर कोणी घेतलं, हे सांगा. नातवाला विचारायचं तर ‘शाळा कशी आहे’ असं विचारू नका. ‘आज डब्यात काय होतं आणि कोणाबरोबर वाटून खाल्लंस’ असं विचारा. उत्तर एका शब्दात देता येणार नाही असा प्रश्न विचारणं, ही फोनवरची सगळ्यांत उपयोगी रीत आहे.

आता थोडं कडू बोलतो. आपल्या पिढीला एक शिकवण आहे: कोणाचं बोलणं मध्येच तोडू नये, बोलता माणूस सोडून फोन आपटू नये. ही शिकवण चांगलीच आहे. पण आज काही जण नेमका तिच्यावर धंदा करतात. फोन येतो, पलीकडचा माणूस पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचं सांगतो, तुमच्या नावानं पार्सल सापडलं म्हणतो, व्हिडिओवर गणवेश दाखवतो, ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही’ असा दम भरतो. आपला सुशिक्षित, निवृत्त, सभ्य माणूस ‘साहेब, साहेब’ करत तासन्‌तास ऐकत राहतो, कारण फोन कापणं त्याच्या वळणात बसत नाही. कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये थांबा, विचार करा, मग पाऊल उचला, असं याबद्दल बजावलं होतं. पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक आहे, तिथं जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. जाहिरातींचे फोन नको असतील तर १९०९ वर नोंद करता येते.

पण क्रमांकांपेक्षा महत्त्वाचं ते मनाशी ठरवणं. सभ्यता हा दोन बाजूंचा करार असतो. जो आपलं खरं नाव सांगत नाही, जो सवड विचारत नाही, जो तुम्हाला फोन ठेवू देत नाही, त्यानं तो करार आधीच मोडलेला आहे. त्याचा फोन वाक्याच्या मध्यावर कापला तरी त्यात असभ्य काही नाही. पाहा, ती चार कामंच इथंही कसोटीला लागतात: कोण, नातं काय, काम काय, आणि शेवट करायची मोकळीक. मुलांना माझी विनंती आहे की हे आईवडिलांना रागावून सांगू नका. ‘बाबा, तुम्हाला कळत कसं नाही’ असं म्हटलंत, तर पुढच्या वेळी काही घडलं तरी ते तुम्हाला सांगणार नाहीत. आणि फोनवाला ‘कोणाला सांगू नका’ म्हणतो तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी तुम्हाला फोन करावा, असं वाटत असेल, तर एरवीचे त्यांचे फोन कंटाळा न करता घेतलेले असले पाहिजेत.

राहता राहिलं फोन संपवणं. मराठीत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. फोनवर आपण ‘ठेवतो’ म्हणतो. काळा रिसिव्हर घोडीवर ठेवायचे दिवस गेले, ठेवायला आता काही नाही, तरी शब्द राहिला, आणि तो राहिला ते बरं झालं. ‘कापतो’पेक्षा ‘ठेवतो’मध्ये हळुवारपणा आहे. त्याहून बरं ‘ठेवू का?’, कारण त्यात पलीकडच्याला अजून एखादी गोष्ट सांगायची संधी मिळते. आपल्या बायकांचं ‘बरं मग, ठेवते हं’ चार वेळा होतं आणि प्रत्येक वेळी नवा विषय निघतो, याची चेष्टा होते. चेष्टा करू नका. पुष्कळदा खरी गोष्ट तिसऱ्या ‘ठेवते’नंतर येते: गुडघा दुखतोय, पैसे लागतील, करमत नाही. मोठ्या माणसानं आधी फोन ठेवावा आणि धाकट्यानं नंतर, ही जुनी रीत याच कारणासाठी होती. वडीलधाऱ्यांचं बोलणं पुरं झालं आहे, याची खात्री धाकट्याला होत असे.

तेव्हा मित्रहो, आज घरी गेल्यावर एखाद्याला फोन कराल, तेव्हा आपलं नाव सांगा, सवड विचारा, मजकूर सांगा आणि ‘ठेवू का?’ म्हणून क्षणभर थांबा. त्या क्षणात पलीकडून काय येतं, ते ऐका.

 कळावे, लोभ असावा.